रणभूमी वाचायची कशी, जपायची कशी : अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या मैदानांसाठी सविस्तर मार्गदर्शन

व्हर्जिनिया, मेरीलँड, पेनसिल्व्हेनिया या पट्ट्यातल्या मराठी घरांत भारतातून पाहुणे आले की वॉशिंग्टन दाखवून झाल्यावर एक दिवस गेटिसबर्गसाठी काढला जातो. तोफेपाशी फोटो होतात, मुलं डेव्हिल्स डेनच्या खडकांवर चढतात, डबे उघडतात आणि संध्याकाळी सगळे घरी येतात. उत्तरेची राज्यं आणि देशातून फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांच्यातल्या यादवी युद्धात, १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत, त्याच शिवारात सुमारे ५१ हजार माणसं मेली, जखमी झाली, पकडली गेली किंवा बेपत्ता झाली. ते कसं घडलं हे तिथले चढउतार, दगडी भिंती आणि कुंपणं पाहून आजही समजतं. फक्त काय पाहायचं हे आधी माहीत हवं.

हा लेख मैदान समजून पाहणाऱ्यांसाठी आहे, तसाच ते जपण्याच्या कामात उतरू पाहणाऱ्यांसाठीही आहे. मी या मैदानांवर स्वयंसेवक म्हणून काम करतो आणि माझं ठाम मत आहे की या दोन गोष्टींचा क्रम चुकता कामा नये. आधी मैदान वाचायला शिकायचं, मग जपायला जायचं. ज्याला मैदान वाचता येत नाही तो पुतळा घासून लख्ख करतो, आणि ज्या ओहोळात एखादी पलटण आडोशाला पडून राहिली होती तो बुजवून तिथे वाहनतळ झाला तरी त्याला काही वाटत नाही.

पायरी १ : घराजवळचं, दुर्लक्षित मैदान निवडा

अमेरिकन संसदेने नेमलेल्या आयोगाने १९९३ साली यादवी युद्धाच्या ठिकाणांचा अहवाल दिला. लहानमोठ्या सुमारे साडेदहा हजार चकमकींतून आयोगाने ३८४ लढाया महत्त्वाच्या ठरवल्या. त्यांपैकी जवळपास पाचातलं एक मैदान तेव्हाच घरं, रस्ते आणि दुकानांखाली गेलेलं होतं. गेटिसबर्ग किंवा अँटिटमला सरकारचं संरक्षण आहे, माणसं आहेत, पैसा आहे. तुमच्या हातांची खरी गरज आहे ती लहान मैदानांना.

उदाहरण म्हणून ऑक्स हिल घ्या. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), चँटिलीच्या बाजूला, आज जिथे हजारो भारतीय कुटुंबं राहतात तिथेच १ सप्टेंबर १८६२ च्या संध्याकाळी वादळी पावसात ही लढाई झाली. उत्तरेच्या फौजेचे आयझॅक स्टीव्हन्स आणि फिलिप कर्नी हे दोन सेनापती तिथे पडले. त्या मैदानातलं आज उद्यान म्हणून काय उरलंय? जेमतेम पाच एकर आणि १९१५ साली बसवलेले दोन दगड. बाकी सगळी घरं आणि रस्ते. १९८० च्या दशकात हे मैदान डोळ्यांदेखत गेलं, त्याची चीड येऊन काही अभ्यासकांनी १९८७ साली मैदानं विकत घेऊन वाचवणारी संस्था काढली. तीच पुढे वाढत, दुसऱ्या संस्थेत मिसळत आजची अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट झाली. या चळवळीने आजवर ५५ हजार एकरांहून जास्त जमीन वाचवली आहे.

पहिल्या भेटीला मी सगळ्यांना ऑक्स हिललाच पाठवतो. काय जपायचं हे गेटिसबर्गला दिसतं, पण न जपलं तर काय होतं हे ऑक्स हिललाच नीट कळतं.

पायरी २ : घरी बसून करायची तयारी

मैदानावर जाण्याआधी तीन गोष्टी जमवा. तिन्ही फुकट मिळतात.

पहिली, त्या वेळचे लष्करी अहवाल. दोन्ही बाजूंच्या अधिकाऱ्यांचे अहवाल, तारा आणि पत्रं अमेरिकन सरकारने १८८० नंतर १२८ जाडजूड खंडांत छापली आणि आज ती सगळी इंटरनेटवर शोधता येतात. तुमच्या मैदानावरच्या एकाच तासाबद्दल दोन्ही बाजूंचे निदान दोन-दोन अहवाल वाचा. वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. अहवाल लिहिणारा आपली बाजू सावरत असतो. पलटण मागे हटली असेल तर शेजारची पलटण आधी हटली म्हणून, असं तो हमखास लिहितो. आणि वेळा जुळणार नाहीत. अमेरिकेत रेल्वेने एकसारखी प्रमाणवेळ लागू केली ती १८८३ साली. युद्धात ज्याचं त्याचं घड्याळ होतं, त्यामुळे एकाच हल्ल्याची वेळ एकजण दुपारी दोन आणि दुसरा तीन सांगतो. अशा वेळी घटनांचा क्रम पक्का करा, घड्याळाच्या मागे लागू नका.

दुसरी, जुने नकाशे आणि छायाचित्रं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात ती मोठ्या आकारात मिळतात. पण छायाचित्र म्हणजे सत्य असं धरून चालू नका. डेव्हिल्स डेनमधल्या मेलेल्या दक्षिणी नेमबाजाचं अलेक्झांडर गार्डनरचं छायाचित्र जगभर गाजलं. तोच मृतदेह आधी थोड्या अंतरावर, वेगळ्या जागी टिपला होता आणि मग उचलून दगडी आडोशामागे आणून ठेवला होता, हे नंतरच्या अभ्यासकांनी खडक आणि छायाचित्रं जुळवून सिद्ध केलं. शेजारची बंदूकही बहुधा दृश्य सजवायलाच ठेवलेली.

तिसरी, लायडारचा नकाशा. विमानातून लेझरचे किरण सोडून जमिनीची उंची मोजलेली असते आणि त्यातून झाडी वगळता येते. अमेरिकन भूगर्भ सर्वेक्षण खात्याची ही माहिती उतरवून क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका आणि उजेड तिरपा पडल्यासारखी छटा द्या. दाट रानात डोळ्यांना दिसतही नाहीत असे मातीचे मोर्चे (खंदक आणि बांध), तोफांचे कट्टे आणि जुने गाडीरस्ते पडद्यावर रेघांसारखे उमटतात. आपल्यापैकी कितीतरी जण दिवसभर संगणकावरच काम करतात. स्थानिक इतिहासमंडळाकडे बहुतेक वेळा हे जाणणारं कोणी नसतं, त्यामुळे एवढं एक काम केलंत तरी ते लोक तुमचे आयुष्यभराचे दोस्त होतील.

पायरी ३ : मैदानावर उभं राहून पाच प्रश्न विचारा

रणभूमीचं सर्वेक्षण करणारे व्यावसायिक लोक पाच प्रश्नांची लष्करी पद्धत वापरतात. मोक्याची जागा कुठली? कुठून काय दिसत होतं आणि मारा कुठपर्यंत पोचत होता? आडोसा कुठे होता? अडथळा कशाचा होता? यायच्या-जायच्या वाटा कुठल्या होत्या? गड पाहताना बुरुज, माची आणि चोरवाट बघून आपण मनात हेच करत असतो, त्यामुळे मराठी माणसाला ही पद्धत पटकन जमते. पाचही प्रश्न दोन्ही बाजूंकडून विचारायचे, हे मात्र विसरू नका.

आता हे गेटिसबर्गच्या तिसऱ्या दिवशीच्या हल्ल्यावर लावून बघू. पिकेट या दक्षिणी सेनापतीच्या नावावरून तो पिकेटचा हल्ला म्हणून ओळखला जातो. सुमारे साडेबारा हजार दक्षिणी सैनिक जवळपास पाऊण मैल मोकळं रान ओलांडून उत्तरेच्या फळीवर चालून गेले आणि त्यांतले निम्म्याहून जास्त कामी आले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

गाडी व्हर्जिनिया स्मारकापाशी लावा. वर घोड्यावर दक्षिणेचा सेनापती ली आहे. तिथून समोर सेमेटरी रिज या लांबट उंचवट्यावर झाडांचा एक पुंजका आणि दगडी भिंत दिसते. बहुतेक लोक इथूनच बघतात आणि म्हणतात, एवढं सपाट मैदान, वेडेपणाच होता. आता गवत कापून केलेल्या पायवाटेने चालायला लागा. थोडं गेलात की लक्षात येतं, मैदान सपाट नाहीच. जमीन हलकेच खाली उतरते, समोरची फळी निम्मी-अधिक दिसेनाशी होते, पुन्हा चढ लागतो. हा उतार म्हणजे आडोसा. तिथे पलटणींना रांगा सरळ करता आल्या. मग एमिट्सबर्ग रस्ता येतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना लाकडी खांब-आडव्या दांड्यांचं भक्कम कुंपण. इथे थांबा आणि कुंपणावर हात ठेवून उभे राहा. छातीपर्यंत येणारं हे कुंपण चढून पलीकडे उतरायचं, तेही समोरून बंदुका आणि तोफा चालू असताना. कुंपणावर चढलेला माणूस आभाळाच्या पार्श्वभूमीवर सुटा दिसतो. पाचांतला अडथळ्याचा प्रश्न इथे पुस्तकाविना समजतो. रस्ता ओलांडून भिंतीपर्यंत जा आणि मग भिंतीच्या आतून, उत्तरेच्या सैनिकाच्या जागेवरून, मागे वळून आलेली वाट बघा.

हे सगळं चालून व्हायला वीसेक मिनिटं लागतात. आणि ते समजतं, कारण कुंपण त्याच जागी पुन्हा घातलंय, शेत शेतच ठेवलंय आणि मधे इमारत नाही. रणभूमीवर जपायचं असतं ते हे.

पायरी ४ : स्मारकाला तीन प्रश्न

गेटिसबर्गवर तेराशेहून जास्त स्मारकं आणि खुणेचे दगड आहेत. प्रत्येकापुढे तीनच प्रश्न घ्या: कधी उभारलं, पैसा कोणी दिला, आणि इथेच का?

उत्तरेच्या पलटणींची बरीच स्मारकं १८८० च्या दशकात म्हाताऱ्या होत चाललेल्या सैनिकांनी स्वतः उभी केली. नियम असा होता की स्मारक पलटणीच्या रांगेत हवं. ७२ व्या पेनसिल्व्हेनिया पलटणीला ते भिंतीपाशी हवं होतं. मैदान सांभाळणारी समिती म्हणाली, तुमची रांग मागे होती. भांडण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १८९१ साली पलटणीने ते जिंकलं. आज त्या जागी बंदूक उगारलेला ब्राँझचा सैनिक दिसतो, त्यामागे हा खटला आहे. म्हणजे स्मारकाची जागासुद्धा आंधळेपणाने पुरावा म्हणून घ्यायची नाही.

मोठ्या स्मारकापेक्षा मला बाजूचे गुडघ्याएवढे दगड जास्त उपयोगी वाटतात. त्यांवर एल एफ किंवा आर एफ अशी अक्षरं असतात, म्हणजे पलटणीच्या रांगेचं डावं आणि उजवं टोक. दोन दगडांमधलं अंतर पावलांनी मोजा. कागदावरची चारशे माणसांची पलटण जमिनीवर किती पसरते हे डोळ्यांना दिसतं आणि तीन दिवसांत किती आक्रसली असेल तेही.

घोड्याचा एक पाय वर म्हणजे स्वार जखमी, दोन वर म्हणजे ठार, ही गोष्ट तुम्हाला तिथे कोणीतरी सांगेलच. पुढे सांगू नका. १९९८ साली बसवलेल्या दक्षिणी सेनापती लाँगस्ट्रीटच्या पुतळ्यात घोड्याचा पाय उचललेला आहे आणि लाँगस्ट्रीटला गेटिसबर्गला खरचटलंही नव्हतं.

शहरांतल्या चौकांत आणि न्यायालयांपुढे उभे केलेले दक्षिणी सेनानींचे पुतळे हा निराळा विषय आहे. रिचमंडमधला लीचा प्रचंड पुतळा १८९० साली उभा राहिला आणि २०२१ च्या सप्टेंबरात उतरवला गेला. असे बरेच पुतळे लढाईच्या जागी नाहीत. काळ्या नागरिकांचे हक्क कायद्याने काढून घेतले जात होते त्या काळात, त्यांच्या रोजच्या वाटेवर ते उभे केले गेले. पलटणीचा खुणेचा दगड ‘आम्ही इथे होतो’ एवढं सांगतो, चौकातला पुतळा ‘आम्ही बरोबर होतो’ असं म्हणतो. दोघांना एकच नियम लावणं मला मान्य नाही. पुतळा हलवायचं ठरलं तरी आधी त्याची मापं, लेख, उद्घाटनाची भाषणं आणि वर्गणीदारांची यादी नोंदवून ठेवायला हवी. तो का उभारला हे याच कागदांतून कळतं.

पायरी ५ : जमिनीतलं काही उचलू नका

राष्ट्रीय उद्यानात मेटल डिटेक्टर बाळगणंसुद्धा गुन्हा आहे आणि १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली वस्तू उचलल्यास दंड आणि कैद होऊ शकते. कायद्यामागचं कारण मुलांना जरूर सांगा.

शिशाची गोळी हातात घेतली की मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक गुळगुळीत, कडा शाबूत, तळाशी गोल वळ्या असलेली. ती झाडलेलीच नाही. बार भरताना थरथरत्या हातातून पडली. दुसरी चेपलेली, फुलासारखी पसरलेली. ती कुठेतरी आदळली. पडलेल्या गोळ्यांची रांग म्हणजे सैनिक जिथे उभे होते ती जागा, चेपलेल्यांची रांग म्हणजे ज्यांच्यावर झाडल्या त्यांची. प्रत्येक गोळीची जागा नोंदवून पुरातत्त्वज्ञ यातूनच अहवालांतली भांडणं सोडवतात. खिशात घालून घरी नेलेली गोळी शिशाचा तुकडा होऊन बसते आणि मैदानाच्या पुराव्यातलं एक अक्षर कायमचं पुसलं जातं.

धोकाही आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत गेटिसबर्गच्या लिटल राउंड टॉप या टेकडीजवळ पुरातत्त्वीय पाहणीत न फुटलेला तोफगोळा सापडला आणि तो निकामी करायला लष्कराचं पथक बोलवावं लागलं. व्हर्जिनियात २००८ साली एक संग्राहक असाच गोळा साफ करताना स्फोटात मरण पावला. गोल किंवा बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं जड लोखंड दिसलं तर हात न लावता लांब व्हा, जागा लक्षात ठेवा आणि उद्यानाच्या रेंजरला (रक्षकाला) किंवा पोलिसांना कळवा.

पायरी ६ : दगड आणि ब्राँझ स्वच्छ करणं

सगळ्यात जास्त नुकसान याच कामात, चांगल्या हेतूने होतं. म्हणून आधी परवानगी. स्मारकाचा मालक कोण ते शोधा: उद्यान, काउंटी, चर्च की खाजगी जमीनदार. लेखी होकार आल्याशिवाय बादली भरू नका.

मग फोटो काढा, चारही बाजूंनी. पुसट झालेला लेख वाचायला खडू, पीठ किंवा शेव्हिंग क्रीम चोळण्याची जुनी पद्धत आहे, ती पूर्ण बंद करा. त्याने दगड झिजतो आणि डागाळतो. त्याऐवजी आरसा किंवा टॉर्च बाजूला धरून उजेड अगदी तिरपा पाडा. अक्षरांच्या सावल्या पडतात आणि लेख वाचता येतो.

दगड तपासा. बोटाने हलकं चोळल्यावर साखरेसारखे कण सुटत असतील तर तो संगमरवर आतून कमकुवत झालाय. त्याला हात लावायचा नाही, तज्ज्ञाला कळवायचं. पोकळ आवाज, भेगा, डगमगणारा दगड दिसला तरी तेच.

दगड धड असेल तर साहित्य साधं: भरपूर स्वच्छ पाणी, मऊ नैसर्गिक तंतूंचे ब्रश, शेवाळ आणि दगडफूल खरवडायला लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी. तारेचा ब्रश, ब्लीच, आम्ल, घरातली फरशीची द्रावणं आणि उच्च दाबाचा फवारा यांतलं काहीही नाही. ब्लीचने दगड त्या दिवशी पांढराशुभ्र दिसतो, पण आत राहिलेले क्षार स्फटिक होऊन पुढे दगडाचा पृष्ठभागच उचकटून काढतात.

कोपऱ्यात, मागच्या बाजूला, तळहाताएवढ्या जागेवर आधी करून बघा. मग सगळा दगड पाण्याने भिजवा. खालून वर घासत जा; वरून सुरुवात केली तर मळीचे ओघळ कोरड्या दगडावर उतरतात आणि डाग बसतात. सतत पाणी मारत राहा. पाण्याने न जाणाऱ्या काळ्या-हिरव्या थरासाठी लष्करी दफनभूमींतही वापरलं जाणारं डी-टू हे जैविक थरांवरचं द्रावण चालतं: ओल्या दगडावर फवारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हलक्या हाताने घासायचं, भरपूर धुवायचं. पुढचे काही आठवडे पाऊस-उन्हात दगड आपोआप आणखी उजळत जातो, म्हणून त्याच दिवशी पांढरा करायचा हट्ट नको. रात्री पाणी गोठेल अशा दिवसांत हे काम करायचंच नाही.

सांध्यातला चुना निखळला असेल तर सिमेंट भरू नका. सिमेंट दगडापेक्षा कडक. ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि फुटतो तो दगड. जुन्याशी जुळणारा मऊ चुन्याचा मसालाच हवा आणि तो जाणत्या गवंड्याने भरायला हवा.

ब्राँझवरचा तपकिरी-हिरवा थर म्हणजे घाण नव्हे. पॉलिश लावून पितळी भांड्यासारखा चकचकीत केलेला पुतळा म्हणजे नुकसान झालेला पुतळा. तो सौम्य साबणाने धुऊन त्यावर मेणाचा थर चढवतात. हे काम उद्यानाच्या कर्मचाऱ्यांच्या हाताखाली शिकूनच करा.

पायरी ७ : मातीचे मोर्चे आणि रान

पीटर्सबर्ग, स्पॉटसिल्व्हेनिया, कोल्ड हार्बर या १८६४ च्या मैदानांवर सैनिकांनी उकरलेले खंदक आणि बांध अजून आहेत. त्यांचा शत्रू म्हणजे आपले बूट. बांधावरून एकाने वाट पाडली की दहा जण जातात, गवत जातं, पहिल्या जोरदार पावसात माती वाहते. मुलांना बांधावर उभं करून फोटो काढू नका, कोणी काढत असेल तर प्रेमाने सांगा. बांधावरचा पालापाचोळा झाडून टाकायचा नाही. तोच त्याचं पांघरूण आहे. मोठं वाळलेलं झाड वादळात मुळांसकट उन्मळलं तर बांधाचा लचका तोडतं, म्हणून अशी झाडं वेळीच कापतात, पण खुंट आणि मुळं जमिनीत राहू देतात.

झाडं तोडण्यावरून लोक चिडतात, मला ते समजतं. गेटिसबर्गला शतकभरात वाढलेलं शेकडो एकर रान काढून १८६३ ची शेतं आणि फळबागा परत आणण्याचं काम झालं तेव्हाही विरोध झाला. पण लिटल राउंड टॉपचा पश्चिम उतार लढाईच्या थोडं आधी तोडून मोकळा झालेला होता, म्हणून तर ती टेकडी मोक्याची ठरली. तिथे रान माजू दिलं तर पायरी ३ मधला दुसरा प्रश्न विचारताच येत नाही. जिथे तेव्हा रान होतं तिथे ते राखायचं, शेत होतं तिथे शेत. म्हणूनच उद्यानाची बरीच जमीन शेतकऱ्यांना कसायला दिलेली असते.

पायरी ८ : जमीन वाचवणं

१८९० च्या दशकात एका ट्राम कंपनीने गेटिसबर्गच्या मैदानातून रूळ टाकले. सरकारने जमीन ताब्यात घ्यायला काढली, कंपनी न्यायालयात गेली. १८९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की रणभूमी जपणं हे सार्वजनिक हिताचं काम आहे आणि त्यासाठी जमीन घेता येते. त्यानंतरची प्रत्येक लढाई पैशाची आणि वेळेची आहे.

उशीर किती महाग पडतो ते व्हर्जिनियातल्या मनासासच्या मैदानावर दिसलं. १९८८ साली तिथे मॉलचं काम सुरू झाल्यावर संसदेने कायदा करून जमीन घेतली आणि किंमत शेवटी दहा कोटी डॉलरच्या वर गेली. टेनेसीतल्या फ्रँकलिनला ३० नोव्हेंबर १८६४ च्या लढाईत दक्षिणी सेनापती क्लेबर्न जिथे पडले तिथे पुढे पिझ्झाचं दुकान उभं होतं. २००५ साली ते विकत घेऊन पाडलं आणि आसपासचे तुकडे एकेक करून मैदानाला परत जोडले जात आहेत. जवळच कार्टर यांच्या शेतावरच्या लाकडी खोलीच्या भिंती गोळ्यांनी चाळण झालेल्या आजही उभ्या आहेत. तिथे गेलात तर मागच्या आवारातूनही फिरा.

तुम्ही काय करू शकता? विकायला तयार असलेल्या मालकाकडून बाजारभावाने जमीन घेणं हा मुख्य मार्ग आहे. संघराज्य सरकारच्या अनुदानाला तेवढीच रक्कम बाहेरून जोडावी लागते, त्यामुळे तुमच्या एका डॉलरचे निदान दोन होतात. मालकाला जमीन विकायची नसेल तर कॉन्झर्वेशन ईझमेंट: जमीन त्याचीच, पण तिच्यावर बांधकाम न करण्याचं बंधन कायमचं नोंदवलं जातं आणि त्याला करात सवलत मिळते.

पैशापेक्षा जास्त गरज आहे ती सुनावणीला हजर राहणाऱ्या माणसांची. जमिनीचा वापर काउंटी ठरवते आणि प्रस्तावाची पहिली कुणकुण काउंटीच्या संकेतस्थळावरच लागते. नियोजन मंडळाच्या सूचना ईमेलवर लावून घ्या. मनासासला लागून डेटा सेंटरांच्या प्रचंड प्रकल्पाला प्रिन्स विल्यम काउंटीने डिसेंबर २०२३ मध्ये मंजुरी दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ती रद्दबातल ठरवली, कारण सुनावणीच्या जाहीर सूचना कायद्याप्रमाणे दिल्या नव्हत्या. कोणीतरी त्या सूचनांच्या तारखा तपासल्या म्हणून हे शक्य झालं. आपल्यातले कित्येक जण याच उद्योगावर पोट भरतात. डेटा सेंटर नको असं मी म्हणत नाही, ते मैदानाच्या उशाला नको.

बोलायला साधारण तीन मिनिटं मिळतात. आधी आपण कुठे राहतो ते सांगा, मग भूखंडाचा क्रमांक, मग लढाईच्या नकाशावर तो भूखंड कुठे येतो ते चित्र, आणि शेवटी नेमकी मागणी: नामंजूर करा, इमारत मागे सरकवा किंवा उंची कमी करा. वाइल्डरनेसच्या मैदानाजवळ येणारं वॉलमार्ट २००९ साली मंजूर होऊनही २०११ मध्ये कंपनीने जागा बदलली. म्हणजे मंजुरी मिळाली की संपलं असं नसतं.

पायरी ९ : लोकांना सांगणं

कोण कुठून आला आणि कुठे पडला एवढंच सांगितलं तर मैदान निम्मंच सांगितलं जातं. कशासाठी लढले हे सांगायलाच हवं, आणि उत्तर संदिग्ध नाही. फुटून निघताना मिसिसिपी राज्याने आपल्या जाहीरनाम्यात स्वच्छ लिहिलं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे एकजीव आहे. ‘राज्यांचे हक्क’ हे कारण युद्ध हरल्यावर पुढे केलं गेलं.

मराठी माणसाला हे वेगळं सांगायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्यांनी काळ्या गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून, आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांना सोडवताना तो कित्ता गिरवावा म्हणून. पुण्यात बसून त्यांना या युद्धाचा अर्थ कळला होता. पाहुण्यांना मैदान दाखवताना मी हे आवर्जून सांगतो आणि मग त्यांना अब्राहम ब्रायनच्या घरापाशी नेतो. सेमेटरी रिजवरचं हे छोटं पांढरं घर एका स्वतंत्र काळ्या शेतकऱ्याचं. दक्षिणी फौज येताना काळ्या माणसांना, स्वतंत्र असोत वा नसोत, पकडून दक्षिणेकडे धाडत होती, म्हणून तो कुटुंब घेऊन निघून गेला. परतला तेव्हा घर, शेत, कुंपणं उद्ध्वस्त झालेली. एक हजार डॉलरच्या वर नुकसान त्याने मागितलं, हातात पंधरा पडले. त्या घराला पाठ लावून पिकेटच्या हल्ल्याचं रान पाहिलं की पलटणींच्या हालचालींना कारण मिळतं. तसंच, रिचमंडजवळ न्यू मार्केट हाइट्सला २९ सप्टेंबर १८६४ रोजी लढलेल्या काळ्या सैनिकांपैकी चौदा जणांना मेडल ऑफ ऑनर हे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. ते मैदान गेटिसबर्गइतकंच पाहण्यासारखं आहे.

माहितीफलक लिहायची वेळ आली तर एका फलकावर एकच मुद्दा ठेवा, शंभर शब्दांच्या आसपास. शीर्षकातच तो मुद्दा यावा. तिथे उभं राहून जे दिसतं त्यापासून सुरुवात करा. नकाशा उत्तर वर ठेवून छापू नका. वाचणारा ज्या दिशेला तोंड करून उभा आहे ती दिशा वर ठेवा, म्हणजे नकाशातलं टेकाड आणि समोरचं टेकाड एका रेषेत येतं. मजकूर पक्का करण्याआधी युद्धाबद्दल काही न जाणणाऱ्या माणसाला त्या जागी उभं करून मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे अडखळेल तिथे वाक्य बदला.

गेटिसबर्गवर मोबदला घेऊन मैदान दाखवायचं तर परवाना लागतो. ही पद्धत १९१५ पासून आहे आणि परीक्षा कठीण आहे. आपल्या घरच्यांना आणि मित्रांना दाखवायला अर्थातच काही लागत नाही. स्वयंसेवक व्हायचं असेल तर एप्रिलमधला पार्क डे ही सोपी सुरुवात. त्या दिवशी देशभरच्या मैदानांवर कुंपणं रंगवणं, वाटा साफ करणं, फलक पुसणं अशी कामं एकदम होतात. लांब बाह्यांचा सदरा घाला, विजार मोज्यांत खोचा आणि घरी आल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते तपासा. नाव नोंदवताना नकाशे, क्यूजीआयएस, छायाचित्रण किंवा मराठी-हिंदी बोलणाऱ्या पाहुण्यांना माहिती देणं यांतलं काय जमतं तेही अर्जात लिहा.